अॅक्सोलॉटल मालकाला ओळखतो का?

काचेच्या टाकीत पाळलेल्या अॅक्सोलॉटलजवळ माणूस आला की तो काचेकडे सरकतो, डोके वर करतो, कधी तोंडही उघडतो. मालक कौतुकाने म्हणतो, "पाहा, हा मला ओळखतो!" हे म्हणणे खरे आहे काय? आणि खरे-खोटे ठरवायचे तरी कसे?

प्राण्याची ओळख

अॅक्सोलॉटल हा बेडकाप्रमाणेच उभयचर प्राणी आहे. मेक्सिको शहराजवळचे सोचिमिल्को सरोवर व तेथील कालवे हे त्याचे मूळ घर. बेडकाचा बेडूकमासा वाढला की त्याचे कल्ले नाहीसे होतात व तो जमिनीवर येतो. अॅक्सोलॉटल सहसा तसे करीत नाही. पिसांसारखे दिसणारे कल्ले कायम ठेवून तो पाण्यातच प्रौढ होतो आणि तेथेच त्याची वीण होते. बाल्यावस्थेची अशी लक्षणे त्याच्यात जन्मभर टिकतात. त्याला पापण्याही नसतात.

त्याला दिसते किती?

अॅक्सोलॉटल आंधळा नाही. उजेड व अंधार यांतील फरक आणि समोरची हालचाल त्याला कळते. मात्र त्याचे डोळे लहान असून दृष्टी अधू असते. प्रखर उजेड तो टाळतो. अंधारात व गढूळ पाण्यात भक्ष्य शोधायचे, तर केवळ डोळ्यांवर भिस्त ठेवून भागत नाही. त्याला वास चांगला कळतो. माशांप्रमाणेच त्याच्या अंगावर पार्श्वरेषा असते. तिच्यामुळे पाण्यातील लहानसहान हालचाली त्याला जाणवतात. शिवाय त्याच्या डोक्यावर सूक्ष्म विद्युत्-क्षेत्र ओळखणारी इंद्रियेही असतात.

आता मालक जवळ येतो तेव्हा काय काय घडते ते पाहा. काचेवर सावली पडते. पावलांनी टेबल हादरते. झाकण उघडल्याने पाणी हलते. अन्नाचा वास पसरतो. यांपैकी कोणतीही एक खूण "आता खायला मिळणार" हे कळण्यास पुरेशी आहे. एखादी खूण व अन्न यांची अशी सांगड वारंवार अनुभवाने बसते. हे शिकणे खरेच. पण 'ही खूण म्हणजे अन्न' हे कळणे वेगळे आणि 'हा अमुक माणूस' हे कळणे वेगळे.

हान्स घोड्याचा धडा

१९०४ साली बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा फार गाजत होता. गणित घातले की तो खुराने तितके ठोके देई. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने त्याची कसोशीने परीक्षा घेतली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुकू लागे! योग्य ठोका पडताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले आणि ते पाहून घोडा थांबे. मालकाची लबाडी मुळीच नव्हती. चूक होती ती निष्कर्षात.

पण याचा अर्थ साधा मेंदू चेहरे ओळखूच शकत नाही, असाही नव्हे. तोंडाने पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा आर्चर मासा शिकवल्यास चित्रातील माणसाचा एक ठराविक चेहरा ४४ नव्या चेहऱ्यांतून बहुतेक वेळा अचूक निवडतो, हे २०१६ साली प्रयोगाने दिसून आले. तेथे चेहऱ्याखेरीज दुसरी खूण नव्हती, म्हणूनच त्या निष्कर्षाला वजन आहे.

शाळेत करून पाहा

शाळेतील माशांच्या टाकीवर अशी परीक्षा घेता येईल. दोन आठवडे एकाच विद्यार्थ्याने, एकाच रंगाचा सदरा घालून, ठरलेल्या वेळी माशांना खाऊ घालावे. मग खाऊ न देता पुढील चाचण्या घ्याव्यात :

१. तोच विद्यार्थी, तोच सदरा.
२. तोच विद्यार्थी, वेगळा सदरा.
३. दुसरा विद्यार्थी, पहिल्याचा सदरा.
४. ठरलेली वेळ, पण जवळ कोणीच नाही.

एका मिनिटात किती मासे काचेजवळ आले ते मोजा. मोजणाऱ्याला फक्त मासे दिसावेत, माणूस दिसू नये. दोन चाचण्यांमध्ये काही दिवस नेहमीप्रमाणे खाऊ घाला. नाहीतर मासे शिकलेले विसरतील. प्रत्येक चाचणी अनेकदा करा. दुसऱ्या व तिसऱ्या चाचणीतील आकड्यांची तुलना केली म्हणजे माशांनी माणूस लक्षात ठेवला की सदरा, हे कळू लागेल.

हे कशासाठी?

अॅक्सोलॉटलचे काचेशी येणे हा ओळखीचा पुरावा नाही. अन्नाची खूण कळल्याने तेवढे सहज घडते. हा भेद प्राण्याच्या हिताचा आहे. 'तो मागतो आहे' म्हणून सारखे खाऊ घातले, 'त्याला माझा लळा आहे' म्हणून हातात घेतले, किंवा नीट पाहता यावे म्हणून झगझगीत दिवा लावला, तर त्या नाजूक त्वचेच्या प्राण्याला इजाच होते. त्याच्या मूळ घरीही त्याची दैना आहे. सोचिमिल्कोत १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६००० अॅक्सोलॉटल होते. २०१४ साली जेमतेम ३६ उरले. त्याने आपल्याला ओळखावे ही हौस ठीक आहे. त्याआधी आपण त्याला नीट ओळखले पाहिजे.

विचार करा

१. वरील प्रयोगात चौथी चाचणी कशासाठी आहे?
२. मोजणाऱ्याला माणूस का दिसू नये? हान्सच्या गोष्टीशी याचा संबंध सांगा.
३. अॅक्सोलॉटल मालकाला वासावरून ओळखतो की नाही, हे तपासण्यासाठी प्रयोग आखा.