दांडा तुझ्या हाती, ओझं तेलावर

अगं, गोदामातलं काम मिळालं म्हणून तू खूश आहेस आणि तिथला पॅलेट ट्रक पाहून थोडी घाबरलीही आहेस, हे मला फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं. त्यात कुणीतरी तुला म्हटलं, "राहू दे बाई, तुह्याच्यानं नाही होत ते." म्हणणाऱ्याचा राग धरू नकोस. आपल्या धनजकडे, सगळ्या कारंजा तालुक्यातच, पोतं म्हटलं की माणसाची पाठ आठवते. सोयाबीन असो, तूर असो, हरभरा असो, चाळणी लावणं, निवडणं, पोत्याचं तोंड शिवणं बायांकडे, आणि उचलणं, थप्पी लावणं गड्यांकडे. ही वाटणी कुणाच्या अकलेवरून झालेली नाही, वजनावरून झाली. ज्या यंत्रात वजनाचा प्रश्नच उरत नाही, त्याच्यापुढे ही वाटणी कशाला टिकेल? पण त्यासाठी ते यंत्र आतून कळायला हवं. नुसता दांडा मारता येणं पुरेसं नाही. म्हणून आज जरा निवांत बसून सगळं सांगते.

आधी ते उभं कसं असतं ते बघ. पुढे दोन लांब लोखंडी फाटे, त्यांना सगळे फोर्कच म्हणतात. मागे दांडा, दांड्याखाली पंप आणि दोन मोठी चाकं. फोर्कच्या टोकाशी, खालच्या बाजूला, छोटी चाकं लपलेली. बहुतेक गाड्या अडीच टन उचलणाऱ्या असतात, फोर्क साधारण 1,150 मिलिमीटर लांब. खाली बसलेली असताना फोर्कची उंची जेमतेम 85 मिलिमीटर आणि पूर्ण उचलल्यावर 200. म्हणजे सगळी करामत चार-साडेचार इंचांची. हे लक्षात ठेव, कारण लोक पहिल्याच दिवशी विचारतात, "याने ट्रक भरता येईल का?" जमिनीवरून नाही. ट्रकचा हौदा आपल्या छातीइतका उंच. गोदामाला ट्रकच्या उंचीचा ओटा असला तरच ही गाडी माल थेट आत नेऊ शकते. नाहीतर ती फक्त जमिनीवरून जमिनीवर माल नेते. उंच चढवायला स्टॅकर लागतो, ते वेगळं यंत्र.

आता आतली गंमत. आपल्याकडचा हापसा तू लहानपणापासून मारलायस. दांडा वर-खाली केला की पाणी वर येतं आणि परत खाली जात नाही, कारण आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा आहेत. इथेही तेच आहे, फक्त पाण्याऐवजी तेल आणि बोअरऐवजी मुठीएवढी टाकी. दांडा खाली ओढलास की छोटा पिस्टन दाबला जातो आणि त्याच्यासमोरचं तेल एका झडपेतून मोठ्या सिलिंडरमध्ये शिरतं. दांडा वर गेला की स्प्रिंग पिस्टनला मागे आणते, दुसरी झडप उघडते आणि टाकीतून नवं तेल येतं. मोठ्या सिलिंडरमधलं तेल मागे फिरत नाही, म्हणून दांडा सोडलास तरी वजन जिथल्या तिथे राहतं.

जोर कुठून येतो, ते सांगते. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल नावाच्या फ्रेंच माणसाने मांडलं. पुढे 1795 साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने त्यावर हायड्रॉलिक प्रेस केला. आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये सरकीपासून सुटलेला कापूस दाबून 170 किलोची गाठ बांधतात, तिथेही हाच नियम राबतो. मोकळा कापूस वाहून न्यायचा तर गाडी जागेने भरते, वजनाने नाही, म्हणून तो दाबायचा. शकुंतला रेल्वे यवतमाळ-कारंजाकडून मूर्तिजापूरला कापूस न्यायची, तोही असाच गाठींनी. पॅलेट ट्रक म्हणजे त्या प्रेसचाच धाकटा भाऊ, फक्त हा दाबण्याऐवजी उचलतो.

हिशेब करून बघ. धर की छोटा पिस्टन 18 मिलिमीटर जाडीचा आहे आणि मोठा 36 चा. जाडी दुप्पट, पण तोंडाचं क्षेत्रफळ चौपट, म्हणून जोर चौपट. शिवाय दांडा लांब आणि पंप त्याच्या मुळाशी अगदी जवळ, म्हणून धर आणखी वीसपट. चार गुणिले वीस, ऐंशी. वीस कट्टे, प्रत्येकी 50 किलो, म्हणजे हजार किलो माल उचलायला तुझ्या हाताला साडेबारा किलोचा जोर पुरतो. घर्षणाचे थोडे वर धर. पाण्याने भरलेली बादली उचलतेस तेवढंच झालं.

पण फुकट काही मिळत नाही बाई. माल 115 मिलिमीटर वर जायला याच हिशेबाने तुझा हात सुमारे सव्वानऊ मीटर फिरतो. एका फटक्यात सुमारे 77 सेंटिमीटर धरले तर बारा फटके. म्हणून घाई करू नकोस, उड्या मारून दांड्यावर लटकू नकोस. जोरात मारलास तरी बारा, हळू मारलास तरी बाराच. हे ज्याला कळलं नाही तो गडी सकाळी ताकद दाखवतो आणि दुपारी खांदा धरून बसतो.

मोठा पिस्टन तर मागे दांड्याजवळ आहे, मग फोर्कचं पुढचं टोक कसं वर जातं? फोर्कच्या पोटातून लोखंडी सळया जातात. पिस्टन वर गेला की त्या सळया पुढे ढकलल्या जातात आणि टोकाची छोटी चाकं खाली उतरतात. म्हणजे पुढचा भाग स्वतःच्या पायांवर उभा राहतो. इथे पॅलेट, म्हणजे ज्यावर माल रचतात तो फळ्यांचा पाट, चुकीचं असेल तर घात होतो. पॅलेटच्या तळाला ज्या आडव्या फळ्या असतात, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून ही चाकं जमिनीला टेकली पाहिजेत. फळी नेमकी चाकाखाली आली, तर चाक ती फळी खाली दाबतं, फोर्क वरची फळी वर उचलतो आणि पॅलेट मधून फाटतं. पोत्यांखाली ओल लागू नये म्हणून अंथरतात ते लाकडी डनेज दिसायला पॅलेटसारखं असलं तरी प्रत्येक डनेजमध्ये फोर्क शिरतोच असं नाही. म्हणून फोर्क पूर्ण आत घाल, वाकून बघ, मगच पहिला फटका मार.

दांड्याच्या मुठीत एक चाप असतो. त्याच्या तीन जागा: खाली म्हणजे उचल, मध्ये म्हणजे चाल, वर दाबून धरला म्हणजे उतर. चालताना तो मध्येच असू दे. मग दांडा मोकळा फिरतो आणि तुझ्या चालण्याबरोबर उगाच पंप होत नाही. उतरवताना चाप एकदम पूर्ण दाबू नकोस, थोडा थोडा दाब. चाप दाबला की आतली झडप उघडते, तेल टाकीत परत जातं आणि हजार किलो माल तेल ज्या वेगाने सुटेल त्या वेगाने खाली येतो. तेव्हा तुझे पाय कुठे आहेत ते आधी बघ. उचललेल्या फोर्कखालच्या फटीत माणसाच्या पायाची बोटं सहज मावतात. म्हणून चप्पल नको, पुढून बंद, कडक टोकाचे बूट मागून घे. साडी असेल तर पदर खोच, ओढणी असेल तर पाठीमागे गाठ मार.

माल रचायचं शास्त्र हमालदादांना आपल्याहून जास्त येतं, ते त्यांच्याकडूनच शिक. पॅलेटवर पाच कट्ट्यांचा थर लागतो: तीन एका दिशेला, दोन आडवे. पुढच्या थराला उलट. असे चार थर म्हणजे वीस कट्टे, आणि कट्टे एकमेकांना धरून राहतात. सगळे एकाच दिशेला लावलेस तर वळणावर थप्पी फुटते. वजन दोन्ही फोर्कवर सारखं हवं, एकाच फोर्कवर माल उचलायचा नाही. वजनाचा अंदाज कट्टे मोजून घे. धान्याचा कट्टा बहुधा 50 चा असतो, युरियाची बॅग मात्र 45 ची. अडीच टनांपेक्षा जास्त टाकलंस तर आतली एक सुरक्षा झडप उघडते, दांडा हलतो पण माल हलत नाही. तेव्हा यंत्र बिघडलं म्हणून कुणी पाना घेऊन धावला तर त्याला थांबव. आधी चार कट्टे उतरवून बघा म्हण.

गाडी सुटायला सगळ्यात जास्त जोर लागतो, एकदा चालली की कमी. म्हणून हिसका देऊ नकोस. दांडा आधी जरा डावीकडे, जरा उजवीकडे फिरव, मोठी चाकं हलली की गाडी आपसूक सुटते. लांब सरळ जायचं असेल आणि पुढचं दिसत असेल तर ढकल, पाठीला ते बरं. अरुंद जागेत ओढ. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: साध्या पॅलेट ट्रकला ब्रेक नसतो. सपाट फरशीवर तू त्याला थांबवतेस, उतारावर हजार किलोला कुणीच थांबवत नाही. गोदामाच्या दारापुढचा उतार कितीही छोटा वाटो, भरलेली गाडी तिथे न्यायची नाही. त्याच्यावर उभं राहून फिरायचं नाही, कितीही मजा वाटली तरी.

छोटी चाकं म्हणजे या यंत्राचा कमकुवत सांधा. जेमतेम 80 मिलिमीटरची असतात. एक खडा, शटरची पट्टी, फरशीची उखडलेली कड, एवढ्यानेही अडतात. आपल्याकडे तर सांडलेलं सोयाबीन! गोल, गुळगुळीत दाणा पायाखाली आला की माणूस घसरतो आणि चाकाखाली आला की गाडी अडते. त्यात पोती शिवायची सुतळी. ती चाकाच्या आसाभोवती गुंडाळत जाते आणि मग सगळे म्हणतात गाडी जड झाली. आठवड्यातून एकदा गाडी आडवी करून चाकं बघ, सुतळी काढ, आसाला ग्रीस लाव. रिकामी गाडीही सत्तर-पंचाहत्तर किलोची असते, तेव्हा आडवी करताना दुसरं कुणीतरी सोबत घे.

बिघाडही थोडेच असतात. फटके मारूनही वर जात नाही, तर तेल कमी असेल किंवा आत हवा शिरली असेल. माल नसताना चाप उतरवण्याच्या जागी धरून दहा-पंधरा फटके मारले की बहुधा हवा निघून जाते. उचललेला माल आपोआप हळूहळू बसतो, तर झडपेत कचरा आहे किंवा सील झिजलंय. ते मिस्त्रीचं काम, पण बिघाड नेमका कुठे आहे हे त्याला सांगता येणं तुझं काम. माल उतरतच नाही, तर दांड्यातून झडपेकडे जाणारी साखळी सैल झालेली असते. जुनं काळं तेल किंवा डिझेल ओतायला कुणी सांगेल, ऐकू नकोस. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच हायड्रॉलिक तेल घालायचं.

आता मनातलं. या गाडीमुळे हमालांचं काम जाईल, असं तुला कुणी ऐकवेल. त्यांच्या भीतीची टिंगल करू नकोस. एकेकाळी शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणं हेच काम होतं. हमालांच्या संघटना लढल्या, तेव्हा पोतं हलकं झालं, आणि 1969 साली राज्यात माथाडी कामगारांचा कायदा आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली शिफारस केली होती की प्रौढ पुरुषानेही 55 किलोपेक्षा जास्त ओझं अंगावर नेऊ नये, आणि बाईसाठी ते बरंच कमी असावं. म्हणजे "जड आहे" म्हणणं हा कमकुवतपणा नाही, तो हिशेब आहे आणि तो पुरुषांनाही लागू आहे. गाडी आली की त्यांचीही पाठ वाचते. थप्पी रचायला, कट्टा धरायला माणूस लागणारच आहे. तू त्यांच्या विरुद्ध उभी नाहीस, हे त्यांना बोलून दाखव.

आणि मालकाशी बोलताना लाजू नकोस. गाडी घेतली म्हणून काम संपलं, असं गोदामवाल्यांना वाटतं. गाडी हा अर्धाच खर्च आहे. सपाट फरशी, सारखी पॅलेटं आणि बूट हा दुसरा अर्धा. तो झाला नाही, तर वजन शेवटी फिरून माणसाच्या पाठीवरच येतं आणि मग "बाईच्यानं झालं नाही" असं नाव तुझं होतं. म्हणून पहिल्या दिवशी कामाला लागण्याआधी एक फेरी मार. फरशी कुठे फुटलीय, उतार कुठे आहे, पॅलेटं किती धड आहेत, ते एका कागदावर लिही आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेव. मग झाडू घेऊन वाट साफ कर, आणि त्यानंतरच दांड्याला हात लाव.