शंकराचार्यांचे एक बेल्जियन अभ्यासक : फादर डी स्मेट

शांकर वेदान्तावरील प्रश्नाला आपण विद्यार्थी बहुधा ठरीव उत्तर लिहितो : जग खोटे, ब्रह्म तेवढे खरे, आणि ते निर्गुण असल्यामुळे व्यक्तित्वरहित. हे उत्तर कितपत बरोबर आहे, याचा आयुष्यभर शोध घेणारे एक प्राध्यापक पुण्यात होऊन गेले. ते कॅथॉलिक धर्मगुरू होते. त्यांच्या कार्याचा अल्प परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रिचर्ड डी स्मेट यांचा जन्म १९१६ साली बेल्जियममध्ये झाला. येशूसंघाचे सदस्य म्हणून १९४६ साली ते भारतात आले आणि संस्कृतच्या अभ्यासाला लागले. शंकराचार्य हे केवळ तर्काच्या बळावर चालणारे तत्त्वज्ञ होते, असे मानण्याकडे त्या काळी अनेक विद्वानांचा कल होता. डी स्मेट यांना ते पटेना. शंकराचार्यांचे मुख्य लेखन म्हणजे भाष्ये. भाष्यकार श्रुतीला प्रमाण मानून तिचा अर्थ लावतो, आणि तर्क तिच्या सेवेला असतो. ही भूमिका त्यांनी १९५३ साली रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात मांडली. १९५४ पासून त्यांनी पुण्यात तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले. दे. द. वाडेकर यांनी संपादिलेल्या ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’च्या (१९७४) लेखनातही त्यांचा सहभाग होता. १९९७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विवेचनात लक्षणेला फार महत्त्व आहे. काशीत पाहिलेला देवदत्त आज इथे भेटला, तर ‘तोच हा’ असे आपण म्हणतो. तेव्हाचा काळ आणि आताचे स्थळ हे भेद बाजूला सारून आपण एकाच माणसाकडे बोट दाखवतो. ब्रह्माविषयीचे शब्दही असेच वापरलेले असतात. त्यांचा नेहमीचा, मर्यादित अर्थ सोडायचा असतो. परंतु म्हणून ते निरर्थक ठरत नाहीत.

याच वाटेने ते निर्गुणाच्या प्रश्नाकडे वळतात. निर्गुण म्हणजे उणे किंवा जड नव्हे. ज्याच्या स्वरूपावर वेगळे गुण चिकटलेले नाहीत, ते निर्गुण. ब्रह्म ज्ञानस्वरूप आहे, स्वतंत्र आहे. मग त्याला व्यक्तित्वरहित का म्हणावे? पाश्चात्त्य विचारात अलीकडे ‘व्यक्ती’ या कल्पनेला मर्यादेचा अर्थ चिकटला आणि अनुवादकांनी तोच इकडे आणला, असे डी स्मेट यांचे म्हणणे. मला वाटते, मराठीत अडचण आणखी वाढते. आपला ‘व्यक्ती’ हा शब्दच ‘व्यक्त’ याच्याच धातूपासून आलेला. मग अव्यक्त ब्रह्माला व्यक्ती म्हणणे कानाला विसंगत वाटणारच.

तरीही हा वाद केवळ शब्दांचा नाही. आमच्या मेडशीत एकादशीच्या भजनाला निर्गुणाचे अभंग म्हणणारे शेतकरी त्याच दमात त्याला आईसारखी हाक मारतात. ब्रह्म जडवत् असेल, तर ही हाक अडाण्यांची समजूत ठरते. डी स्मेट यांचे म्हणणे खरे असेल, तर त्या हाकेला वेदान्तातही आधार सापडतो.

त्यांच्यावर आक्षेप घेता येतो. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांचा ईश्वरविचार त्यांनी शंकराचार्यांत वाचला, असे कोणी म्हणेल. अद्वैत्याच्या दृष्टीने हाक मारणारा आणि ऐकणारा हा भेद व्यवहारापुरताच आहे; तो अखेरीस मावळतो. हा आक्षेप मला वजनदार वाटतो, आणि डी स्मेट यांच्या विवेचनाने तो पूर्णपणे सुटतो असे मला वाटत नाही.

परंतु त्याचा निर्णय करायला भाष्यच उघडावे लागते, मार्गदर्शिका पुरत नाही. स्वतःचा धर्म न सोडता आणि न लपवता दुसऱ्याच्या ग्रंथाला त्याच्याच पद्धतीने प्रश्न विचारता येतात, हे या परधर्मीय प्राध्यापकाने दाखवून दिले. ज्या परंपरेला आपण आपली म्हणतो, तिचे मूळ ग्रंथ वाचण्याचे कष्ट निदान तेवढे तरी आपण घ्यायला हवेत.