घटक ५ : ओझोनचा ऱ्हास, अतिनील किरण आणि हवामानबदल

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• ओझोनच्या ऱ्हासाची कारणे सांगता येतील;
• अतिनील किरणांचे सजीवसृष्टीवरील परिणाम स्पष्ट करता येतील;
• ओझोनचा ऱ्हास आणि हवामानबदल यांतील भेद व संबंध विशद करता येईल.

५.१ प्रस्तावना
‘ओझोनच्या थराला छिद्र पडले, त्यातून ऊन आत आले आणि पृथ्वी तापली’ असे विधान पुष्कळदा केले जाते. ते बरोबर नाही. ‘थर’, ‘कवच’, ‘छिद्र’ ही रूपके आहेत. रूपकाने विषय सुबोध होतो. मात्र ते शब्दशः घेतल्यास अर्थाचा विपर्यास होतो.

ओझोन हा ऑक्सिजनच्या तीन अणूंचा रेणू होय. तो मुख्यतः सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात, विरळपणे पसरलेला असतो. वातावरणातील सर्व ओझोन भूपृष्ठावरील दाबाखाली आणि शून्य अंश सेल्सिअस तापमानाला एकत्र आणला, तर त्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. ‘छिद्र’ म्हणजे ओझोनरहित पोकळी नव्हे, तर ओझोन अतिशय घटलेला प्रदेश.

५.२ ऱ्हासाची कारणे
शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे आणि फवाऱ्याचे डबे यांत क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगे वापरली जात. ती सहजी कशाशी अभिक्रिया करीत नसल्याने निर्धोक मानली गेली. ही स्थिरताच घातक ठरू शकते, असे मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. ही संयुगे न विघटता स्थितांबरात पोहोचतात. तेथे अतिनील किरणांमुळे त्यांतील क्लोरीन मुक्त होतो. क्लोरीनचा एक अणू स्वतः नष्ट न होता ओझोनच्या हजारो रेणूंचा नाश करतो.

१९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरील हॅली केंद्राच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तेथील वसंत ऋतूतील ओझोन सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. ध्रुवीय हिवाळ्यात स्थितांबरात अतिशीत ढग तयार होतात. त्यांच्या कणांवर क्लोरीन क्रियाशील रूपात येतो आणि वसंतातील सूर्यप्रकाश मिळताच ओझोनचा नाश सुरू होतो.

५.३ अतिनील किरणांचे परिणाम
ओझोन घटला की अतिनील-ब किरण भूपृष्ठावर अधिक प्रमाणात पोहोचतात. ते पेशींतील डीएनएला इजा करतात. मनुष्यात त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. अनेक वनस्पतींची वाढ खुंटते. सागरात हे किरण पाण्याच्या वरच्या थरांत शिरतात. अंटार्क्टिकाच्या हिमसीमेवरील पाण्यात वनस्पती-प्लवकांची उत्पादकता ६ ते १२ टक्क्यांनी घटल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. प्लवकांवर क्रिल आणि क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासे जगतात; म्हणून ही घट संपूर्ण अन्नसाखळीचा प्रश्न ठरते.

५.४ हवामानबदलाशी संबंध
पृथ्वीच्या तापमानवाढीचे प्रमुख कारण कार्बन डायऑक्साइड आदी हरितगृह वायू हे आहे. ओझोनची घट नव्हे. तरीही दोन्ही प्रश्न तीन धाग्यांनी जोडलेले आहेत. पहिला, क्लोरोफ्लुरोकार्बन हे स्वतः प्रबळ हरितगृह वायू आहेत. दुसरा, अंटार्क्टिकावरील ओझोन घटल्याने दक्षिण गोलार्धातील पश्चिमी वारे उन्हाळ्यात ध्रुवाकडे सरकले. तिसरा, कार्बन डायऑक्साइड वाढल्याने खालचे वातावरण तापते, तर स्थितांबर थंड होते. त्यामुळे ओझोनच्या रसायनक्रियांचा वेग बदलतो.

५.५ उपाययोजना
१६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सहभागी झाला. घातक संयुगांचे उत्पादन घटले आणि ओझोन हळूहळू सावरू लागला. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनानुसार, सध्याची धोरणे टिकल्यास अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. मात्र पर्याय म्हणून आलेली हायड्रोफ्लुरोकार्बन संयुगे ओझोनला अपाय करीत नसली, तरी प्रबळ हरितगृह वायू ठरली. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांचाही वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले.

५.६ सारांश
ओझोनचा ऱ्हास आणि हवामानबदल हे भिन्न, पण परस्परसंबद्ध प्रश्न आहेत. एका प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसरा वाढत नाही ना, हे तपासणे अगत्याचे असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘ओझोनचे छिद्र’ हे रूपक कोणत्या अर्थी योग्य व कोणत्या अर्थी दिशाभूल करणारे आहे?
२. प्लवकांची घट ही अन्नसाखळीची समस्या का ठरते?
३. किगाली दुरुस्तीची आवश्यकता का भासली, ते स्पष्ट करा.