तल्लख मुलाची ओळख

२५ ला १६ ने गुणावयास सांगितले असता चौथीतील एखादे मूल वहीत रीत न मांडताच ४०० हे उत्तर सांगते. नक्कल केली असावी, अशा समजुतीने गुरुजी त्यास दटावतात. वस्तुतः पंचवीस चोक शंभर व शंभर चोक चारशे, असा हिशेब त्याने मनात केलेला असतो. ‘बाळ, कसे काढलेस?’ एवढे विचारले, तर ते कळते. अशा मुलास त्याच नमुन्याची आणखी दहा उदाहरणे घालणे ही शिक्षाच होय. त्याऐवजी, ‘हीच युक्ती १८ ला लागू पडेल काय?’ असे विचारावे. उत्तर चुकले तरी बिघडत नाही.

गुणपत्रकावरून सर्वच तल्लख मुले ओळखू येत नाहीत. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीस जाणारी पाचवीतील मुलगी हजेरीपटावर मागेच दिसते. परंतु उचल किती फिटली, किती उरली, हे ती तोंडी सांगते. नवोदय विद्यालयांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. तेथील प्रवेशपरीक्षेचा तिचा अर्ज ती गावी असतानाच भरून घ्यावा, आणि परीक्षेच्या वेळी तिला गावी कोण ठेवून घेईल, हेही पालकांशी आधीच बोलून ठेवावे.