आजार लांबला, पगार थांबला

क्षयरोग, पक्षाघात, हृदयविकार अशा दीर्घ आजारांच्या औषधोपचारांविषयी आपण नेहमी वाचतो. आज मात्र औषधाविषयी नव्हे, पगाराविषयी लिहायचे आहे. दीर्घ आजारात रुग्ण उपचार मध्येच का सोडतो, असे मला कोणी विचारले, तर अज्ञान हे कारण मी शेवटी सांगेन. पहिले कारण पैसा. क्षयाच्या रुग्णाला दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि तो भट्टीसमोर जाऊन उभा राहतो. मूत्रपिंड निकामी झालेला रुग्ण डायलिसिसची एखादी पाळी चुकवतो, कारण त्या दिवशी हजेरी लागते. ‘‘डॉक्टरसाहेब, खाडे झाले तर घर कसं चालायचं?’’ या प्रश्नावर माझ्याकडे गोळी नाही. परंतु असे विचारणाऱ्या कित्येकांच्या पगारातून दरमहा विम्याची वर्गणी कापली जात असते आणि त्याची त्यांना कल्पनाच नसते.

वर्गणी कापली जाते का, हे आधी पाहा

पगाराच्या चिठ्ठीवर ‘ईएसआय’ अशी कपात असेल, तर आपण कर्मचारी राज्य विमा योजनेचे विमेदार आहात. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना व बहुतेक दुकाने-आस्थापनांना ही योजना लागू होते. २०१७ पासून मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे १८,००० रुपये पगारावर आपले १३५ रुपये आणि मालकाचे ५८५. कंत्राटदाराकडील कामगारांनाही ही योजना लागू आहे. त्यांनी आपला विमा क्रमांक मागून घ्यावा.

बहुतेकांना वाटते की हा विमा फक्त दवाखान्यासाठी आहे. तसे नाही. आजारामुळे कामावर जाता आले नाही, तर बुडालेल्या पगाराचा मोठा भागही त्यातून मिळतो.

किती आणि किती दिवस?

साध्या आजारपणात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. रोज ६०० रुपये पडत असतील तर ४२० रुपये. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. अट अशी की संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर या काळात लाभ मिळतो.

खरी महत्त्वाची सोय पुढे आहे. योजनेत ३४ दीर्घ आजारांची यादी आहे. ९१ दिवस संपल्यावर या आजारांसाठी ८० टक्के दराने रक्कम चालू राहते आणि ती दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. यासाठी सलग दोन वर्षे विमापात्र नोकरी आणि चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते.

यादीत क्षयरोग, कुष्ठरोग, कर्करोग, पक्षाघात, कंपवात, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, हृदय निकामी होणे, स्किझोफ्रेनिया, मणक्यातील चकती सरकणे यांचा समावेश आहे. नुसता मधुमेह यादीत नाही. पण मधुमेहाने पायाला जखम झाली, मूत्रपिंड बिघडले किंवा डोळ्याच्या पडद्याचा गंभीर विकार झाला, तर तो आहे. म्हणून कागदावर ‘मधुमेह’ एवढेच लिहून चालत नाही. गुंतागुंत कोणती, हे स्पष्ट लिहिलेले हवे.

सर्टिफिकेट कोणाचे?

येथेच बहुतेकांचे नुकसान होते. घराजवळ म्हणून रुग्ण माझ्यासारख्या खासगी डॉक्टरकडे येतो, महिनाभर औषध घेतो आणि मग सर्टिफिकेट मागतो. कंपनीतील रजेसाठी ते चालेलही; परंतु विम्याच्या रकमेसाठी योजनेच्या दवाखान्यातील किंवा पॅनलवरील डॉक्टरचेच सर्टिफिकेट लागते. खासगी सर्टिफिकेट क्वचितच, चौकशी करूनच मानले जाते. म्हणून माझ्याकडे उपचार घेणाऱ्या विमेदारालाही मी पहिल्याच दिवशी तिकडे नाव नोंदवायला पाठवतो. मागील तारखेचे सर्टिफिकेट कोणाकडेही मागू नये. ते बेकायदा आहे आणि खरा दावाही त्यामुळे संशयात येतो.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१) काम बंद केले त्याच दिवशी योजनेच्या दवाखान्यात जा आणि पहिले सर्टिफिकेट घ्या.

२) पुढील सर्टिफिकेटे तारखेला तारीख जोडून घ्या. मध्ये खंड पडला तर तेवढे दिवस बुडतात.

३) त्या दिवसांत दुसरीकडे काम करू नका. पगार आणि विम्याची रक्कम एकाच दिवसासाठी मिळत नाही.

४) आपले काम डॉक्टरांना नेमके सांगा. ‘कंपनीत आहे’ म्हणू नका. ‘आठ तास उभे राहून वीस किलोचे साचे उचलतो’ असे सांगा. आजाराच्या नावाइतकेच, त्यामुळे कोणते काम होत नाही, हे महत्त्वाचे असते.

५) केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत तारखेनुसार ठेवा. प्रत्येकाची झेरॉक्स काढा.

योजनेबाहेरच्यांचे काय?

भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत, नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आल्यास पेन्शन मिळते. त्यासाठी एका महिन्याची वर्गणीही पुरते. वैद्यकीय मंडळाची तपासणी मात्र होते.

सरकारी नोकरांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे संरक्षण आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून काढता किंवा पद कमी करता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. या कायद्यातील २१ प्रकारांत कंपवात आहे. मूत्रपिंड निकामी होणे नाही.

खासगी पॉलिसी घेताना ती अपघाताची की आजाराची, हे वाचून घ्या. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना केवळ अपघातासाठी आहे. पक्षाघाताने हात गेला तर तिचा उपयोग नाही. फॉर्म भरताना जुना आजार लपवू नका. दावा नाकारला तर लेखी कारण मागा. कंपनीकडे तक्रार करूनही दाद न मिळाल्यास मुंबई व पुणे येथील विमा लोकपालांकडे विनामूल्य तक्रार करता येते.

घरात कोणाचा आजार लांबणार असे दिसताच औषधाच्या चिठ्ठीबरोबर पगाराची चिठ्ठीही काढून पाहा. दोन वेळचे जेवण चालू राहिले, तरच रुग्ण औषधाचा कोर्स पुरा करतो.