घरचे बी आणि बियाण्याचा कायदा

मृग नक्षत्र जवळ आले की यवतमाळ जिल्ह्यातील कापूस-उत्पादकास बियाण्याची पाकिटे विकत घ्यावी लागतात. यामुळे घरची सरकी पेरणे हा गुन्हाच असावा, अशी समजूत पुष्कळांची झालेली दिसते. ती निराधार होय. पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ अन्वये संरक्षित वाणाचे बीदेखील शेतकऱ्यास राखता, पेरता, शेजाऱ्यास देता व विकताही येते. मात्र ते ब्रँडच्या नावाने विकण्यास मनाई आहे. घरच्या सरकीपासून निराशा पदरी पडते, त्याचे कारण संकरात आहे. संकरित पऱ्हाटीच्या पुढील पिढीत झाडे एकसारखी निपजत नाहीत. तूर, हरभरा यांच्या सरळ वाणांत ही अडचण नाही. तेथे हा हक्क खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

हा हक्क जगात सर्वत्र नाही. ‘युपोव्ह’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९९१ च्या मसुद्यानुसार संरक्षित वाणाचे राखलेले बी शेतकऱ्यास विकता येत नाही. स्वतःच्या शेतात पेरण्याची सवलतही प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोपविलेली आहे. व्यापारी वाटाघाटींत या कराराचा आग्रह भारतास वेळोवेळी झाला आहे. भारत त्याचा सदस्य नाही.

नोंदणीकृत वाणाने त्याच्या पैदासकाराने सांगितल्याप्रमाणे उत्पन्न न दिल्यास प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. यास्तव खरेदीची पावती, पाकीट व त्यातील मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे.