ट्रिग्वी गुन्नार्सन

उत्तर अटलांटिक महासागरात आइसलँड नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. हवा अतिशय थंड आणि धान्य जवळजवळ पिकत नसे. त्यामुळे मेंढपाळी व मासेमारी ह्यांवरच लोकांचा निर्वाह चाले. शेतकरी आपली लोकर डॅनिश व्यापाऱ्यास देत आणि धान्य, लाकूड व लोखंड त्याच्याचकडून उधार घेत. दोन्ही मालांचे भाव व्यापारीच ठरवी. १८५५ मध्ये हा व्यापार सर्व राष्ट्रांना खुला झाला. परंतु उधारीची बेडी काही तुटली नाही.

ती तोडण्यासाठी झटणाऱ्यांत ट्रिग्वी गुन्नार्सन हे अग्रणी होते. त्यांचा जन्म १८३५ मध्ये उत्तर आइसलँडमधील लाउफास येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ते सुतारकाम शिकले व पुढे शेती करू लागले. तेथील शेतकऱ्यांनी एक मोडके जहाज विकत घेऊन दुरुस्त केले आणि त्याला 'ग्राउना', म्हणजे करडी घोडी, असे नाव दिले. त्याच नावाने त्यांनी व्यापारी मंडळी स्थापन केली. १८७१ पासून १८९३ पर्यंत ट्रिग्वी तिचे कारभारी होते. शेतकऱ्यांचा माल आता त्यांच्याच मंडळीमार्फत परदेशी जाऊ लागला.

१८६९ मध्येच ते अल्थिंग ह्या लोकसभेवर निवडून आले होते. दक्षिणेकडील ओल्फुसा नदी नावेने ओलांडताना अनेकांचे प्राण जात. तिच्यावर पूल बांधण्याचे काम ट्रिग्वींनी अंगावर घेतले. १८९१ मध्ये तो लोखंडी झुलता पूल वाहतुकीस खुला झाला.

मंडळीला मात्र अखेर यश आले नाही. भांडवल अपुरे असल्याने कर्ज वाढत गेले व १९१२ मध्ये ती बंद पडली. तरीही तिचे कार्य वाया गेले नाही. आपला व्यापार आपण करू शकतो, हा विश्वास तिने शेतकऱ्यांस दिला होता. त्याच उत्तर भागात १८८२ मध्ये आइसलँडमधील पहिली सहकारी संस्था उभी राहिली.

उतारवयात ट्रिग्वींनी राजधानी रेक्याविक येथे लोकसभेच्या इमारतीमागे बाग फुलविली. १९१७ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना त्याच बागेत चिरविश्रांती देण्यात आली.

स्वाध्याय

१. भाव ठरविण्याचा अधिकार व्यापाऱ्याकडेच का राहिला?
२. मंडळी बंद पडली, तरी तिचे कार्य वाया गेले नाही, असे लेखक का म्हणतो?